मगरीची भाजी

आमची लेक साडेतीन वर्षांची असताना माझ्या बायकोची बदली इंदापूरला झाली. ती तहसील कचेरीत नोकरीला आहे. बारामतीतलं घर, माझी शाळा, लेकीची बालवाडी हे सगळं उचलून नेण्यापेक्षा तिनं रोज एसटीनं जाऊन-येऊन करावं, असं आम्ही ठरवलं. सकाळी आठच्या आत ती घराबाहेर पडायची आणि दिवेलागणीला परत यायची. माझी शाळा अकराची. म्हणून सकाळचा स्वयंपाक, लेकीची आंघोळ, तिच्या दोन शेंड्या आणि डबा एवढं माझ्या वाट्याला आलं. दुपारी तिला बालवाडीतून आणायचं, जेवू घालायचं आणि झोपवायचं, हे तात्यांकडे.

तात्या म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात माळेगावला साखर कारखान्यात, बॉयलरच्या शेजारी गेली. त्या आवाजात राहून त्यांना साधं बोलतानाही ओरडायची सवय लागली. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. आमच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना, पण नातीचा लळा लागला आणि मग ते दुसरीकडे कुठं जायचं नाव काढेनात.

लेक तशी हसरी, चपळ, दिवसभर बडबड करणारी. फक्त जेवायची नाही. वरणभात खायचा तर भात पांढरा पाहिजे आणि वरण वेगळ्या वाटीत. त्या वाटीत ती बोट बुडवून बघायची, एवढंच. पालेभाजी दिसली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. बिस्किट, दूध, बटाटा आणि गूळ यांच्यावर तिचं चाललं होतं. बालवाडीच्या बाईंनी एकदा मला थांबवून सांगितलं, "सर, डबा उघडते, बघते आणि झाकण लावते. बाकीची पोरं जेवतात तेव्हा ही त्यांना गोष्टी सांगत बसते."

मी शिक्षक माणूस. मुलांना एखादी गोष्ट नको असली की ती गोड करून, रंगवून, खेळात घालून द्यायची, हे मी वर्गात रोजच करत होतो. तेच घरात करायचं ठरवलं. मोबाइलवर असल्या डब्यांचे व्हिडिओ ढिगानं मिळतात. शाळेतून आलो की मी ते बघायचो आणि सकाळी उठून करायचो. पालकाच्या रसात पीठ भिजवून हिरव्या धिरड्याचा बेडूक केला, त्याला काकडीचे डोळे लावले. बीट किसून गुलाबी पुऱ्या केल्या. पोळीचा ससा कापला, त्याला गाजराचे कान. तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हे सगळं बघायचे.

"हे काय चाललंय?" ते एकदा म्हणाले.

"ससा आहे, तात्या. ती आवडीनं खाईल."

"ससा?" त्यांनी वाकून पाहिलं. "आमी न्हाय कधी असलं बघितलं. भूक लागली की पोर खातंय."

त्या दिवशी डबा परत आला तेव्हा ससा जसाच्या तसा होता. फक्त त्याच्या अंगावर हातरुमाल पांघरला होता.

"खाल्लं का नाहीस गं?" मी विचारलं.

"तो झोपलाय," लेक म्हणाली. "आणि तो माझा मित्र आहे. मित्राला कुणी खातं का?"

बेडकाचंही तेच झालं होतं. त्याचे डोळे काढून तिनं खेळण्यातल्या बाहुलीला लावले आणि बेडूक आंधळा झाला म्हणून त्याला औषध दिलं. मी जितकं छान करावं, तितकं ते खाण्याचं न राहता खेळण्याचं होत होतं. बायकोला मी संध्याकाळी हे सांगायचो, ती हसायची, पण ते हसू टिकायचं नाही. कारण लेकीच्या फ्रॉकचा पट्टा दरवेळी आणखी एका घरानं आत घ्यावा लागत होता.

डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं कारण नाही, रक्त जरा कमी आहे, औषध द्या आणि बिस्किटं बंद करा, असं त्यांनी सांगितलं. बिस्किटं बंद केल्यावर पहिल्याच दुपारी घरात रडारड झाली. मी शाळेत होतो. तात्या एकटे. त्यांना नातीचं रडणं सहन होत नाही. त्यांनी शेजारच्या घरात पाहिलं होतं तोच उपाय केला. मोबाइलवर कार्टून लावलं, तो तिच्यासमोर तांब्याला टेकवून ठेवला आणि एकेक घास तिच्या तोंडात घातला.

मी घरी आलो तेव्हा तात्यांचा चेहरा उजळला होता. "सगळं खाल्लं बघ! मेथी खाल्ली, भाकरी खाल्ली, वरण पिली."

मी ताट पाहिलं. खरंच रिकामं होतं. मलाही इतकं बरं वाटलं की मोबाइलचं मी मनावर घेतलं नाही. मग रोजच तसं सुरू झालं. दुपारी तात्या, रात्री मी. ती समोर बघत राहायची, तोंड उघडायची, आम्ही घास घालायचो. गालांवर थोडं बाळसंही आलं. आता मार्ग सापडला असं वाटू लागलं.

एके संध्याकाळी बायको एसटीनं आली तेव्हा तिच्या पिशवीत इंदापूरच्या स्टँडवर घेतलेले पेरू होते. तिनं चप्पल काढता काढता लेकीला विचारलं, "माझ्या सोन्यानं आज काय जेवण केलं?"

लेकीनं एका कार्टूनमधल्या मांजराचं नाव सांगितलं.

"अगं, ते काय बघितलंस ते नाही. खाल्लंस काय?"

लेक विचार करू लागली. तिनं माझ्याकडं पाहिलं, तात्यांकडं पाहिलं. तिला खरंच आठवत नव्हतं. दुपारी मुगाची उसळ आणि भाकरी पोटात गेली होती, आणि त्याची चव, रंग, वास यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. "तात्यांना माहीत आहे," ती शेवटी म्हणाली.

बायकोनं पेरू धुतला, चिरला, त्याला मीठ लावलं. लेकीला मांडीवर घेऊन ती एक फोड स्वतः खाऊ लागली. लेक थोडा वेळ बघत राहिली आणि तिनं आईच्या हातातली अर्धी फोड ओढून घेतली. तेव्हा आम्ही कुणी "खा" म्हणालो नव्हतो.

झोपायच्या आधी बायको मला म्हणाली, "अहो, पोट भरतंय हे खरं. पण हे म्हणजे पोत्यात धान्य भरल्यासारखं झालं. तिला कळायला तरी पाहिजे आपण काय खातोय ते."

"मग ती खाणारच नाही."

"नाही खाणार थोडे दिवस. बघू."

मोबाइल बंद झाला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तर ती हुशार झाली होती. "आधी मांजर, मग घास," असं म्हणून बसायची. तात्या चिडले. "चांगलं चाललंवतं. तुमी शिकल्यालं लोक, तुमचं डोकंच येगळं!" बायकोनं ऐकून घेतलं. ती तात्यांना कधी उलट बोलत नाही, पण आपलं म्हणणंही सोडत नाही.

पुढच्या रविवारी ती घरी होती. तिनं भाकऱ्या केल्या, मी मेथीची भाजी केली आणि आम्ही चौघंही खाली एका पंगतीला बसलो. खरं सांगायचं तर असं बसून जेवणं आमच्याकडं होतच नव्हतं. सकाळी घाई, दुपारी आजोबा-नात, रात्री आधी लेक, मग तात्या, मग आम्ही. त्या दिवशी तात्या आणि लेक शेजारी शेजारी होते आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर.

थोड्या वेळानं बायकोनं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी खुणावलं. मी पाहिलं. तात्यांनी आपल्या ताटातली मेथी तर्जनीच्या टोकानं हळूहळू कडेला सारली. भाजीतला शेंगदाणा तेवढा वेचून तोंडात टाकला. नाकातून बारीक "हूं" केलं आणि भाकरी ठेच्याला लावली. शेजारी लेकीनं आपल्या छोट्या ताटातली मेथी तर्जनीच्या टोकानं हळूहळू कडेला सारली. शेंगदाणा वेचला. नाकातून "हूं" केलं.

बोट वाकवायची पद्धतसुद्धा तीच होती. मला एकदम हसू आलं, आणि लगेच ते विरलं. रोज दुपारी ही पोर ज्या एका माणसाबरोबर जेवत होती, तो माणूस भाजी खात नव्हता. तात्यांना लहानपणापासून पालेभाजीचं वावडं. आई होती तेव्हा ती त्यांच्यापुरता पिठल्याचा गोळा वेगळा करायची. आम्ही ते इतकं गृहीत धरलं होतं की आमच्या डोळ्यांना ते दिसतच नव्हतं.

तात्यांना हे सांगायचं कसं, याची आम्हाला चिंता पडली. पण सांगायची वेळ आली नाही. माझ्याच तोंडून नेहमीचं वाक्य गेलं, "बाळा, भाजी खाल्ली नाही तर मोठी कशी होणार?"

"तात्या कुठं खातात?" लेक सहज म्हणाली. "तात्या मोठे झालेत की. मला आणि तात्यांना भाजी आवडत नाही. आम्ही दोघं सारखे आहोत." आणि तिनं प्रेमानं तात्यांच्या मांडीवर हात ठेवला.

तात्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी आपल्या ताटाकडं पाहिलं, मग तिच्या ताटाकडं. दोन्ही ताटांच्या कडेला हिरवा बांध घातल्यासारखी मेथी होती. ते भाकरी अर्धी टाकून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. मी मागं गेलो.

"तात्या, ती लहान आहे. मनावर घेऊ नका."

"खोटं कुठं बोलली ती?" ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. "रक्तातली साखर तपासणारा डॉक्टर मला दर येळंला सांगतोय, भाजी खावा, भाजी खावा. तुझी आई सांगून सांगून गेली. मी कुणाचं ऐकलं न्हाय. आता ही बया म्हणती, आमी सारखं हाय."

दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेला आणि लेकीच्या बालवाडीलाही कसलीशी सुट्टी होती. चहा झाल्यावर तात्यांनी टोपी घातली, कापडी पिशवी घेतली आणि नातीला हाक मारली. "चल गं बाय, मंडईत जाऊ. आज भाजी तू घ्यायची."

"कुठली?"

"तुला वाटंल ती. मी मधी बोलायचा न्हाय."

मी स्कूटरवरून त्यांना सोडलं आणि मागं मागं फिरलो. तिला आम्ही मंडईत फारसं कधी आणलं नव्हतं. उन्हात धूळ, गर्दी, पाय तुडवले जातील असं वाटायचं. ती प्रत्येक पाटीपुढं उकिडवी बसत होती. भोपळा थापटून पाहिला. भेंडी कानाला लावली. गवारीच्या शेंगा बोटांत धरून सिगारेटसारख्या ओढल्या, तेव्हा भाजीवाली मावशी खो खो हसली. तात्या मागं हात बांधून उभे. बटाट्यांच्या ढिगापाशी त्यांचे पाय जरा रेंगाळले, पण शब्द पाळला, बोलले नाहीत.

मग ती एका पाटीपाशी थांबली ती हलेचना. "तात्या! मगर!"

पाटीत कारली होती. हिरवीगार, काटेरी पाठीची, शेपटी वळलेली.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. जन्मात त्यांनी कारल्याला हात लावला नव्हता. मी म्हणालो, "बाळा, हे कडू असतं हं. दुसरं काहीतरी बघ."

"तात्या म्हणाले मला वाटेल ती."

"व्हय, म्हणलोय," तात्यांनी मान डोलावली. "मावशी, पावशेर मगरी द्या."

घरी आल्यावर मगरी कापायचं काम माझं आणि पोटातल्या बिया काढायचं काम तिचं. एका डब्याच्या झाकणात तिनं सगळ्या बिया जमवल्या. चकत्यांना मीठ चोळायचं असतं, मग पाणी सुटतं, ते पिळून टाकायचं असतं, हे मी तिला सांगितलं. ती दोन्ही मुठींनी पिळत होती. हिरवं पाणी बोटांतून गळत होतं. मध्येच तिनं बोट चाटलं आणि तिचं तोंड असं झालं की मला वाटलं संपलं, आता ही इथून उठणार. पण ती मोठ्या गंभीरपणे म्हणाली, "चावते ही." आणि पुन्हा पिळू लागली.

मी कांदा परतला, चकत्या कुरकुरीत होईपर्यंत तेलात ठेवल्या, चिंचेचा कोळ आणि शेंगदाण्याचा कूट घातला, तात्यांच्या साखरेमुळे गूळ अगदी नावाला. बायको संध्याकाळी येईपर्यंत लेकीनं कुणाला ती भाजी उघडू दिली नाही. आई दारात दिसताच ती ओरडली, "मम्मी, आम्ही मगर मारली!"

आम्ही पुन्हा चौघं बसलो. सगळ्यांच्या ताटात तिनंच आपल्या हातानं वाढलं. तात्यांच्या ताटात जास्त, कारण ते मोठे. मग ती तात्यांकडं बघत बसली.

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात कारलं धरलं. त्यांनी चावलं. त्यांचे डोळे बारीक झाले, कपाळाला आठ्या पडल्या. आता ते "वा, काय गोड लागतंय" म्हणतील असं मला वाटत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. आजवर मी प्रत्येक भाजीबद्दल तिला तेच सांगत आलो होतो.

"कसं लागतंय, तात्या?" लेकीनं विचारलं.

"कडू हाय," तात्या म्हणाले.

"मग?"

"मग काय? कडू हाय तर कडू हाय. चावायचं आन् गिळायचं." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

लेकीनं एक चकती उचलली. दातांनी कोपरा तोडला. तिचे खांदे वर गेले, डोळे मिटले, जीभ बाहेर आली. बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला. लेक पाणी प्यायली नाही. तोंड तसंच वेडंवाकडं ठेवून तिनं चावलं आणि गिळलं. मग डोळे उघडून, एखादा डोंगर चढून आल्यासारखी ओरडली, "कडू हाय! लई कडू हाय!"

त्या दिवसापर्यंत ती घरात कधी "हाय" म्हणाली नव्हती. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिनं आणखी दोन चकत्या खाल्ल्या. पुढची ताटाकडेला ठेवली. आम्ही कुणीच त्या चकतीबद्दल बोललो नाही.

मला तिनं नंतर समजावून सांगितलं होतं, की ससा मित्र असतो पण मगरीला खाल्लं तर चालतं. तिचं तिच्यापुरतं ते कारण असेल. मला मात्र त्या संध्याकाळी वेगळंच वाटत राहिलं. डब्यातले ससे-बेडूक करताना मी तिच्यापासून भाजी लपवत होतो. रंगाखाली, आकाराखाली, डोळ्यांखाली. तात्यांनी काहीच लपवलं नाही. समोर आहे ते असं आहे, आणि मीही ते खातोय, एवढंच त्यांनी केलं. आणि हे करायला त्यांना आयुष्यभराची सवय मोडावी लागली, हे तिला अजून बरीच वर्षं कळणार नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुधी भोपळा तिनं थुंकला. तात्यांनीही तो थुंकला असता, पण ती बघत होती म्हणून गिळला. मधल्या सुट्टीत मला तात्यांचा फोन यायचा, स्टाफरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आज तांदुळजाची भाजी केलीवतीस ना? दोघांनी खाल्लं. तिनं जास्त, मी जरा कमी." एखाद्या दिवशी, "आज दोघांनीबी न्हाय खाल्लं. उद्या बघू," असंही. मी डब्यात आता चित्रं करत नाही. मेथी ती स्वतः निवडते, म्हणजे निम्मी जमिनीवर सांडते. बायकोनं सगळ्यांचं रात्रीचं जेवण आपल्या यायच्या वेळेवर आणलं. संध्याकाळी तिची एसटी येईपर्यंत आम्ही थांबतो, चणे-शेंगदाणे खातो आणि मग एकत्र बसतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही डाळजला बायकोच्या माहेरी गेलो होतो. तिथं सगळीकडं ऊस, पण मेहुणा हुरड्यासाठी म्हणून ज्वारीचा एक पट्टा दरवर्षी राखतो. बांधाशेजारी त्यानं खड्डा घेऊन गोवऱ्या पेटवल्या होत्या. निखाऱ्यात कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून कोवळे दाणे काढायचे. लेक तात्यांच्या शेजारी बसून चोळत होती, फुंकर मारून कोंडा उडवत होती, हात भाजला की कानाच्या पाळीला लावत होती.

मेहुण्याचा मुलगा तिच्याहून लहान. त्याच्या मागं त्याची आई एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन फिरत होती. शेवटी दमून ती माझ्याजवळ आली. "दाजी, तुमची पोरगी कशी हो सगळं खाती? काय करता तुमी? मलाबी सांगा की."

कारल्याचं सांगावं तर ते हिच्या मुलाला लागू पडेलच असं नव्हतं. "रोज तिच्याबरोबर जेवतो," मी म्हणालो. "आणखी तसं काही नाही."

तिला ते फारसं पटलं नाही. तेवढ्यात तिचा मुलगा कुतूहलानं लेकीजवळ जाऊन बसला. लेकीनं त्याच्या तळहातावर थोडे दाणे ओतले. त्यानं ते तोंडात घातले, चघळले आणि बाहेर थुंकले.

"अरे, अरे!" त्याची आई धावली.

"राहू दे, मामी," लेक कोंडा फुंकत म्हणाली. "मी पण वांगं थुंकते."

मामीनं वाटी बांधावर ठेवली, मोबाइल शेजारी पालथा ठेवला आणि मुलाजवळ खाली बसकण मारली. "तात्या," ती म्हणाली, "एक कणीस मला द्या की. सकाळपासनं माझ्या पोटात काय न्हाय."

तात्यांनी निखाऱ्यातून एक कणीस ओढून तिच्यापुढं ठेवलं.